किराण्याची यादी मुलांच्या हाती देताना

प्रश्न असा आहे: मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. राहणं नागपुरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई दोघांना किराण्याची यादी करायला बसवते. धाकटा चॉकलेट आणि चिप्सच्या पुढे जात नाही. आई सांगेल ते मोठी सुबक अक्षरात उतरवते आणि दहा मिनिटांत विचारते, ‘झालं का?’ या यादीतून मुलं नेमकं काय शिकतात आणि ते शिकवायचं कसं?

ताई, दोन्ही मुलं बरोबरच वागताहेत. धाकट्याला ‘काय आणायचं?’ असं विचारलं, त्याने त्याला हवं ते सांगितलं. मोठीला शुद्धलेखन दिलं, तिने शुद्धलेखन केलं. यादी मात्र दोघांनीही केलेली नाही, ती तुम्हीच केली. यादीचं खरं काम कागद हाती घेण्याआधी सुरू होतं, ओट्यापाशी, डबे उघडून बघताना. आणि आणलेलं सामान त्याच डब्यांत भरलं की ते संपतं. डब्यापासून डब्यापर्यंतचा हा फेरा मुलाने स्वतः पूर्ण केला की त्यात मोजणं, अंदाज, वाचन, लेखन, बोलणं, पैसे, वाट बघणं सगळं येतं. नुसता कागद भरून घेतला तर अक्षर सुधारेल, बाकी काही नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे कागद-पेन्सिल काढूच नका. रोजच्या वापरातली पाचच जिन्नसं निवडा: साखर, चहा, पोहे, तूरडाळ, फल्लीदाणे (म्हणजे शेंगदाणे). जमल्यास ती पारदर्शक बरण्यांत ठेवा आणि प्रत्येक बरणीला बाहेरून लाल चिकटपट्टीची एक आडवी रेघ लावा. रेघ कुठे लावायची याला महत्त्व आहे. सगळ्यांना ‘तळापासून दोन बोटं’ असं एकच माप लावलं तर फसतं, कारण डाळ रोज लागते आणि पोहे आठवड्यातून दोनदा. तुम्ही आठवड्याला बाजार करत असाल तर रेघेखाली आठ-नऊ दिवस पुरेल एवढा माल राहिला पाहिजे. नियम एकच: माल रेघेखाली गेला की तो यादीत.

धाकट्याचं काम एवढंच की बरणी बघायची आणि तीनपैकी एक शब्द सांगायचा: ‘आहे’, ‘संपत आलं’, ‘संपलं’. यातला मधला शब्द त्याला सर्वांत अवघड जाईल. त्याच्या वयाला वस्तू असते किंवा नसते. ‘आज आहे, पण पुढच्या बुधवारी नसेल’ हा विचार उद्याच्याही पलीकडचा आहे. लाल रेघ त्या विचाराला डोळ्यांना दिसेल असं रूप देते, म्हणून तिला एवढं महत्त्व.

इथे चुका ठरलेल्या असतात. मूल बरणी हातात तिरपी धरून बघतं, मग एका बाजूने माल रेघेच्या वर दिसतो. कधी वरून आत डोकावतं, तेव्हा तळाशी पसरलेली साखरही भरपूर वाटते. बरणी ओट्यावर सपाट ठेवायची, पोहे असतील तर दोनदा हलकेच आपटून बसवायचे आणि स्टुलावर उभं राहून डोळे रेघेच्या उंचीला आणायचे. एवढी शिस्त त्याला आवडते, कारण ती खेळासारखी असते. घरात स्टीलचेच डबे असतील तर कोरडा लाकडी उलथना उभा बुडवा, दांड्यावर खूण करा आणि ती खूण मालात बुडते का ते बघा. काचेची बरणी मात्र लहानाच्या हातात देऊ नका, ती ओट्यावरच राहू द्या. फिनाइल, टॉयलेट क्लीनर, ढेकणाचं औषध ही तपासणी मुलांकडे नको. ती तुमची वेगळी यादी.

धाकट्याचा कागद तिसऱ्या आठवड्यात आणा. त्याला लिहिता येत नाही म्हणून यादी करता येत नाही असं नाही. साध्या कागदाची उभी, लांब पट्टी कापा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. मागे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावून वरून चिमटा लावला की हातात धरून चालता-चालता खूण करता येते. पेन्सिल दोऱ्याने बांधा, नाहीतर दुकानाच्या दारातच हरवेल. जिन्नसं तीन, फार तर चार. त्याहून जास्त दिली की चौथ्यानंतर तो चित्र नुसतं उरकतो.

चित्र त्याचं त्यानेच काढायचं. तुम्ही काढून दिलंत तर ते तुमचं चित्र होतं आणि दुकानात त्याला ते वाचता येत नाही. चहाच्या पाकिटाचा, साबणाच्या वेष्टनाचा तुकडा कापून चिकटवणंही चालतं. वेष्टनावरचं नाव ओळखणं हीच वाचनाची पहिली पायरी. पण डाळ-साखरेसारख्या सुट्या मालाला चित्रच काढू द्या, कारण खरा विचार तिथे होतो. साखर आणि मीठ दोन्ही पांढरे ठिपके काढले तर दुकानात कळणार कसं? हा प्रश्न त्यालाच विचारा आणि थांबा. एखादं मूल साखरेजवळ मुंगी काढतं, एखादं मिठाशेजारी फोडणीची कढई. त्याने जे ठरवलं ते त्याच्या यादीतलं अक्षर समजा आणि दर आठवड्याला तेच वापरू द्या. आज मुंगी आणि पुढच्या वेळी चहाचा कप असं झालं की खूण पक्की होत नाही. साबण दोन हवे असतील तर दोन साबण काढायचे. अंक नंतर शिकेल. ‘दोन’ म्हणजे एक-एक करून दोन वस्तू, हे हाताला आधी कळू द्या.

पाच-सहा वर्षांचं मूल लिहू लागलं की शब्दांचा क्रम पालक बहुतेक वेळा चुकवतात. ‘कोथिंबीर’, ‘बिस्किटं’, ‘डिटर्जंट’ असं जे घरात लागतं ते लिहायला सांगतात आणि मूल अडखळतं. किराण्याच्या शब्दांतच सोप्याकडून अवघडाकडे जाणारी छान वाट आहे. काना-मात्रा काहीच नसलेले शब्द आधी: हळद, मध, जवस, खसखस. मग फक्त काना असलेले: चहा, रवा, डाळ, साबण, मसाला, पापड. भाजीत तर हे शब्द भरपूर आहेत: गाजर, पालक, मटार, बटाटा, गवार आणि आपल्या बोलण्यातला टमाटर. त्यानंतर वेलांटी-उकार: मीठ, मिरची, गहू, गूळ, लसूण. मात्रा आल्या की तेल, पोहे, जिरे, मोहरी. अनुस्वार सगळ्यांत मागे: आंबा, लिंबू, सांभार. घरात ‘सांभार’ म्हणता ना, मग यादीतही सांभारच लिहू द्या. कोथिंबीर हा त्याच वस्तूचा पुस्तकातला शब्द आहे, हे तो शाळेत शिकेल. घरचा शब्द चुकीचा आहे असं त्याला कधीही वाटू देऊ नका. ज्या शब्दावर त्याची जीभ रोज फिरते तो कागदावर उमटलेला बघण्यातच लिहिण्याची गोडी आहे.

‘साकर’ लिहिलं तर? लाल पेनाने खोडू नका. यादीची परीक्षा सोपी आहे: दुसऱ्या कुणाला तो कागद वाचून बरोबर वस्तू आणता येते का? ‘साकर’ वाचून साखरच येते, म्हणून तो शब्द पास. रात्री डब्यावरची चिठ्ठी बदलताना ‘साखर’ असा नीट शब्द तुम्ही लिहा आणि तो ओट्यावर त्याला रोज दिसू द्या. ‘डाळ’ऐवजी ‘डळ’ लिहिलं आणि बाबा विचारात पडले, तर ती दुरुस्ती त्याच क्षणी करा, कारण काना राहिला तर काय अडतं ते त्याला समोर दिसलेलं असतं.

आता मोठी. तिचं ‘झालं का?’ संपवायचं असेल तर तिला उतरवण्याचं काम बंद करा आणि ‘किती?’ हा प्रश्न तिच्यावर सोपवा. तिसरीतल्या मुलीला शाळेत किलो-ग्राम येतात, पण दुकानात १५०० ग्राम कुणी म्हणत नाही. तिथे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी भाषा आहे. अपूर्णांकांची एवढी तयार शब्दावली आपल्या भाषेत आहे आणि मुलांच्या कानांवरून ती हळूहळू जाते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाव किलो म्हणजे २५० ग्राम, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, अडीच २५००. यात दोन अडचणी येतात. ‘पाव’ म्हटलं की मुलांना खायचा पाव आठवतो. आणि ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द ‘साडे’च्या नियमात बसत नाहीत: साडेतीन आहे, साडेचार आहे, पण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ नाहीत. तिला हे दोन सुटे शब्द पाठच करावे लागतील. बाकीचे समजून येतात.

समजून येण्यासाठी हातात वजन हवं. घरी काटा नसेल तरी चालेल. कपड्यांचा एक मजबूत हँगर दाराच्या खिळ्याला मोकळा टांगा आणि दोन्ही टोकांना एकसारख्या दोन कापडी थैल्या अडकवा. रिकाम्या थैल्यांवर हँगर आडवा राहतो का ते आधी बघा. एका बाजूला कल असेल तर हलक्या थैलीत एखादं नाणं टाकून तो काढा. आता एका थैलीत चहाचं २५० ग्रामचं बंद पाकीट ठेवा. दुसऱ्या थैलीत वाटीने साखर ओतत जा, हँगर सपाट होईपर्यंत. ही पाव किलो साखर. ती बाजूला काढा आणि तसेच पोहे तोला. पोह्यांचा ढीग साखरेच्या दुपटीहून मोठा होतो. आठ वर्षांची मुलगीही तोल बरोबर असताना म्हणेल, ‘पोहे जास्त आहेत.’ तिला लगेच खोडू नका, दोन्ही थैल्या तिच्या दोन हातांत द्या. डोळे जे सांगतात आणि हात जे सांगतात त्यातला फरक तिला तिथे कळतो. धाकट्याकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. झॉं पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना एकच पाणी बुटक्या आणि उंच भांड्यात दाखवलं होतं. साधारण सहा-सात वर्षांच्या आतली मुलं उंच भांड्यात पाणी जास्त आहे असंच म्हणतात. ती त्या वयाची समज आहे, वाढली की बदलते.

चहाचं पाकीट चार वेळा तोललं की एक किलो. मिठाचं एक किलोचं पाकीट समोर ठेवून हे पडताळा. मग तेलाची पिशवी तिच्या हाती द्या आणि वाचायला सांगा: १ लीटर आणि त्याच्या शेजारी साधारण ९१० ग्राम. ‘लीटर म्हणजे किलो’ हा गैरसमज मोठ्या माणसांतही असतो. पाण्याचा एक लीटर एक किलो भरतो, तेल पाण्याहून हलकं असतं. आमटीत तेल वर तरंगतं ते याच कारणाने.

मापांची दुसरी गंमत म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळ्या भाषेत मागितली जाते. डाळ किलोत, तेल-दूध लीटरमध्ये, केळी डझनात, सांभार आणि पालक जुडीत, लिंबू नगावर, संत्री काही ठेल्यांवर डझनाने तर काही ठिकाणी किलोने. मोठीला कोऱ्या यादीत जिन्नसांपुढे फक्त ‘किलो, लीटर, डझन, जुडी, नग, पाकीट’ यातला योग्य शब्द भरायला सांगा. ‘पाव किलो अंडी’ लिहिलं तर हसू नका, दुकानात जाऊन तिला तसंच मागू द्या. दुकानदार काय विचारतो ते ऐकलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

किती आणायचं हे डब्यावरून कळतं तसं पदार्थावरूनही कळतं. हा उलटा रस्ता आठ वर्षांच्या मुलीसाठी फार चांगला. रविवारी तर्री-पोहे (पोहे आणि त्यावर चण्यांचा तिखट रस्सा) करायचे ठरवा आणि तिला विचारा, आपल्या चौघांना काय काय लागेल? पाव किलो जाड पोहे, दोन कांदे, मूठभर फल्लीदाणे, पाच-सहा हिरव्या मिरच्या, सांभाराची अर्धी जुडी, एक लिंबू. तर्रीसाठी शंभर ग्राम काळे चणे, दोन कांदे, आलं-लसूण, मसाला, तेल. आता ती बरणी बघते: पोहे किती आहेत? फल्लीदाणे रेघेवर आहेत का? आहे ते यादीतून वगळते. लागणार त्यातून असलेलं वजा, उरलं ते आणायचं. वजाबाकीचं याहून खरं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. मग पुढचा प्रश्न: एक किलो पोहे आणले तर असा नाश्ता किती वेळा होईल? पाव किलो चार वेळा. चण्यांचा सापळाही आहे: ते आदल्या रात्री भिजवावे लागतात, म्हणजे शनिवारी घरात असले पाहिजेत. यादीला दिवस लागतो हे तिथे कळतं.

दिवसांचं निघालंच आहे तर धाकट्यासाठी एक सांगते. आपल्या शहरात वारांची नावं रस्त्यावर सांडलेली आहेत: सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, इतवारी. सदरचा मंगळवारी बाजार किंवा महालातला बुधवार बाजार त्याला दाखवून आणलात की वार हा नुसता पाठ करायचा शब्द राहत नाही.

पैशांकडे वळण्याआधी मोठीचे आकडे तपासा. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून: सदतीस म्हणताना सात आधी, तीस नंतर. म्हणून दुकानदार ‘सदतीस’ म्हणाला की मुलं ७३ लिहितात. हा निष्काळजीपणा नाही, कानाने ऐकलं त्याच क्रमाने हात चालतो. याच अडचणीमुळे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं गेलं आणि त्यावर बराच वादही झाला. घरी वाद नको, नोटा काढा. सदतीस ऐकलं की आधी दहाच्या तीन नोटा ठेवायच्या, मग सात सुटे. नोटा डाव्या हाताला, नाणी उजव्या हाताला, आणि त्याच क्रमाने आकडा लिहायचा. दोन-तीन आठवड्यांत उलटे आकडे कमी होतात. ‘एकोण’चे आकडे वेगळे बसवून घ्या. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, पण मुलांना ‘पन्नास’ ऐकू येतं आणि ती ५९ किंवा ५१ लिहितात. पाकिटांवर ४९ ही किंमत फार दिसते, त्यामुळे हा शब्द पहिल्याच फेरीत भेटतो.

धाकट्याला नोटा रंगाने ओळखू द्या. दहाची तपकिरी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची फिकट जांभळी, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. वीसच्या मागे वेरूळची लेणी आहेत, ती त्याला शोधायला सांगा.

तुम्ही एरवी फोनने पैसे देत असाल, पण आठवड्याच्या या एका फेरीसाठी रोख न्या. फोन दाखवला आणि दुकानातल्या डब्याने पैसे मिळाल्याचं सांगितलं, एवढंच मुलाला दिसतं. काही दिलं आणि काही उरलं हे दिसत नाही. मोठीकडे समजा दोनशे रुपये द्या आणि घरीच प्रत्येक जिन्नसापुढे जवळच्या दहाचा अंदाज लिहायला सांगा. ४८ असेल तर ५०, ७२ असेल तर ७०. बेरीज दोनशेच्या वर जात असेल तर काय कमी करायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही नाही. परत आलेले पैसे वजाबाकीने नको, पुढे मोजत जाऊन तपासायला शिकवा, जुने दुकानदार मोजतात तसे. बिल १३८ झालं, दोनशे दिले: दोन दिले की १४०, दहा दिले की १५०, पन्नास दिले की २००. म्हणजे ६२ परत यायला हवेत. हे काउंटरवर उभं राहून करता येतं, कागद लागत नाही.

पाकिटावर वाचायच्या गोष्टी तिला तीनच सांगा: एमआरपी, निव्वळ वजन आणि पॅकिंगची व मुदतीची तारीख. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे त्याहून एक रुपयाही जास्त द्यायचा नसतो, पण कमी घेतले तर घेऊ द्यायचे. धाकट्याला शाकाहारी पदार्थाची चौकोनातली हिरवी टिकली शोधायला आवडेल. शंभर ग्रामचा भाव काढून दोन पाकिटांची तुलना करणं नऊ-दहा वर्षांनंतर घ्या.

धाकट्याच्या चॉकलेटचंही इथेच ठरवून टाका. त्याच्या यादीत शेवटची एक ओळ ‘माझी’ ठेवा. मर्यादा ठरलेली, समजा वीस रुपये. त्या ओळीत काय हवं ते त्याने घरीच काढायचं. दुकानात जाऊन बदलता येणार नाही. जे यादीत नाही ते आज घ्यायचं नाही, हा नियम सगळ्यांना लागू, आणि हा नियम सर्वांत जास्त वेळा मोडतात ती मोठी माणसं. तुम्ही काउंटरवर ‘अरे, हे पण घेऊन टाकू’ म्हणून फरसाणाचं पाकीट उचललंत की तुमच्या यादीतली सगळी हवा गेली. काही आठवलंच तर पेन्सिल मागा, तिथेच यादीत लिहा, मग घ्या. मुलं हे बारकाईने बघतात.

दुकान घराजवळचं, ओळखीचं, काउंटर असलेलं निवडा. इतवारी-मस्कासाथची घाऊक बाजारपेठ आणि कॉटन मार्केटची सकाळची गर्दी लहान मुलाला शिकायला सोयीची नाही. तिथे त्याचा हात धरण्यातच तुमचं लक्ष जाईल. वेळही बघा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी निघणं नकोच. सकाळी आठ-नऊला किंवा सूर्य कलल्यावर जा, पण रविवार संध्याकाळ टाळा. दुकानदाराला घाई असली की तो मुलाला ओलांडून तुमच्याशी बोलतो आणि मुलाची फेरी वाया जाते. आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ‘काकाजी, उद्या यादी ही सांगणार आहे. थोडा वेळ लागेल, तिच्याशीच बोला.’ बहुतेक जण आनंदाने करतात.

मग तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. मोठीने पूर्ण वाक्य बोलायचं: ‘काकाजी, पाव किलो फल्लीदाणे द्या.’ कागद पुढे सरकवून गप्प राहायचं नाही. धाकटा लाजत असेल तर त्याला टप्पे द्या. पहिल्या वेळी नुसती यादी हातात द्यायची, दुसऱ्या वेळी बरणीकडे बोट दाखवायचं, तिसऱ्या वेळी एका वस्तूचं नाव घ्यायचं. ‘बोल ना, बोल ना’ म्हणून मागून ढकललं की तो पुढचा महिनाभर दुकानात तोंड उघडत नाही. वस्तू हातात आली की चित्रावर बरोबरची खूण. वस्तू मिळण्याआधी खूण केली की हमखास काहीतरी राहून जातं.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, त्यामुळे थैल्या नेणं हे यादीतलं पहिलं काम. थैली भरणं मुलांचं: मीठ, डाळ, तेल तळाशी, पोहे मध्ये, टमाटर आणि सांभार वर. एकदा उलटं भरलं तर भरू द्या. घरी आल्यावर चेपलेला टमाटर धाकट्याला दिसला की पुढच्या वेळी तोच आधी मीठ उचलतो.

विसरलेली वस्तू हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. सांभार विसरला तर त्या रविवारी पोह्यांवर सांभार नाही, एवढंच. गुपचूप जाऊन आणू नका, टोमणाही मारू नका. ‘आज सांभार नाही, यादीत राहिला होता’, बस. दूध, औषध असल्या अडणाऱ्या गोष्टी मात्र मुलांच्या यादीत टाकूच नका. त्या विसरल्या तर तुम्हाला धावावं लागेल आणि राग येईल. दोघांची तुलनाही करू नका. तिची यादी आकड्यांची, त्याची चित्रांची, दोन्ही यादीच आहेत.

ॲपवरून मागवणं पूर्ण सोडा असं म्हणत नाही. तिथेही आधी डबे बघणं आणि कागदावर यादी करणं मुलांनीच करायचं, फोन तुमच्या हातात. सामान आलं की बिल आणि पिशवी जुळवणं मोठीकडे. फक्त तिथे दुकानदाराशी बोलणं, चिल्लर आणि हाताला कळणारं वजन मिळत नाही, म्हणून आठवड्यातली एक फेरी तरी पायी ठेवा.

घरी आल्यावर सामान मुलांनीच डब्यांत भरायचं. जुना माल आधी वाटीत काढायचा, नवा खाली, जुना पुन्हा वर. कंटाळवाणं काम आहे, पण डाळीत किडे का होतात याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ही पायरी थकून सोडून दिली जाते आणि फेरा अर्धवट राहतो. त्यापेक्षा यादीतली एक वस्तू कमी करा.

शेवटी यादीवर तारीख टाकून ती ओट्याजवळच्या तारेत टोचून ठेवा, दुकानदार बिलं टोचतात तशी. सात-आठ झाल्या की मोठीला काढून बघायला सांगा. एक किलो साखर ३ मेला आणली होती, पुन्हा यादीत आली १९ मेला. म्हणजे १६ दिवस पुरली. पाहुणे आले नाहीत तर पुढची कधी लागेल? मे ३१ दिवसांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ४ जूनच्या चौकोनात तिला पेन्सिलने एक बारीक ‘सा’ लिहू द्या, आणि त्या दिवशी धाकट्याला बरणीची लाल रेघ बघायला पाठवा.